भिंतवाल्या बाईंचे नकाशे

बाईंनी काढलेला कुठलाही नकाशा उचला, त्यात एक पडकी भिंत सापडणार म्हणजे सापडणारच. जंगल असेल तर झाडांच्या मध्ये, दलदल असेल तर चिखलाच्या काठाला, आणि जिथे बांधकामाचा काडीचाही संबंध नाही अशा बर्फाळ खिंडीतसुद्धा एका बाजूला निमूट उभी. दहा दगडांची, सरळ, गुडघाभर उंचीची. अकरावा दगड कधी नाही, नवावर कधी थांबली नाही. खेळणारे हसायचे. "बाई, बर्फात भिंत कोणी बांधली हो?" म्हणून विचारायचे. बाई म्हणायच्या, "ज्याला गरज होती त्याने," आणि त्यापुढे ओठ शिवून बसायच्या. त्यावरून त्यांना नावच पडलं, भिंतवाल्या बाई. त्यांना ते आवडायचंही. कचेरीत शेवटची अकरा वर्षं पाठीमागे जे बोललं जायचं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

हे नकाशे खऱ्या जमिनीचे नव्हेत. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, फासे टाकतात आणि बोटाएवढ्या बाहुल्या पुढे सरकवतात, त्या खेळाचे हे नकाशे. बाहुल्यांना पायाखाली जमीन लागते. ती बाई पुरवायच्या, चौकोनी तुकड्यांमध्ये. प्रत्येक तुकडा एकशे पंच्याहत्तर मिलिमीटरचा. लोकांनी तो घरी छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा आणि हवा तसा जोडायचा. गंमत जोडण्यात होती. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याशेजारी, कुठल्याही बाजूने ठेवा, रस्त्याला रस्ता मिळाला पाहिजे. त्यासाठी बाईंचा कायदा एकच होता. रस्ता कडेच्या बरोबर मधोमधच बाहेर पडणार, मग आत तो कितीही वळणं घेवो. कडेच्या बाहेरही त्या सहा मिलिमीटर चित्र जास्तीचं काढून ठेवायच्या, म्हणजे कापताना हात हलला तरी पांढरी चिंधी दिसायला नको.

या उद्योगाला लागल्या त्या निव्वळ चिडून. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि घरात थोरल्या बहिणीच्या शिवणयंत्राची घरघर ऐकून डोकं उठलं होतं. म्हणून त्या पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयात जाऊन बसू लागल्या. तिथे शनिवारी दुपारी मागच्या टेबलावर एक टोळकं जमायचं. त्यांचा म्होरक्या एक कुलूपवाला होता, पन्नाशीचा, हातांना कायम वंगणाचा वास येणारा. त्यानेच गोष्ट रचायची आणि त्यानेच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढायचा. बाईंनी दोन शनिवार कानाडोळा केला. तिसऱ्या शनिवारी राहवेना.

"तुमची नदी डोंगर चढतेय," त्या म्हणाल्या.

कुलूपवाल्याने वर पाहिलं. "बाई, हा खेळ आहे."

"खेळ आहे म्हणून पाणी चढ चढेल होय? आणि हा रस्ता बघा. विहिरीतून जातोय. तुमचे लोक पोहत जाणार का बाजाराला?"

टोळकं खो खो हसलं. कुलूपवाला मात्र हसला नाही. त्याने पेन्सिल उलटी करून बाईंच्या पुढे धरली. सत्तावीस वर्षं जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढलेल्या बाईच्या हातात कोणीतरी अकरा वर्षांनंतर पेन्सिल देत होतं, आणि वर तपासायला माणूस ठेवत नव्हतं. बाईंनी ती घेतली. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं त्यांनी चष्म्याखालून बोट फिरवलं आणि आधी नदी खाली आणली.

आता ती अकरा वर्षं. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कचेरीत बाईंचा हात वाखाणला जायचा. एका सरकारी दवाखान्याच्या आवाराचा नकाशा त्यांनी काढला होता. खाली, चौकटीच्या बाहेर, नेहमीप्रमाणे मापाची पट्टी होती: बरोबर शंभर मिलिमीटरची रेघ, म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. ठेकेदाराला त्याची नक्कल द्यायची होती. कोणीतरी नक्कल काढताना कागद पुरेना म्हणून मशीनवरचं 'पानात बसवा' हे बटण दाबलं, आणि नक्कल नीटनेटकी दिसावी म्हणून खालची पट्टी कापून टाकली. शंभरातले तीन गेले. डोळ्याला काही दिसलं नाही. कागदावर चित्र तसंच होतं, फक्त थोडं आक्रसलेलं. ठेकेदाराने त्या कागदावर मोजपट्टी ठेवून मापं घेतली आणि कुंपणाची भिंत दीड मीटर आत बांधली. बाहेर उरलेली जागा शेजाऱ्याने तत्परतेने आपली म्हणून टाकली. दवाखान्याच्या दारात रुग्णवाहिका वळेना, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

चौकशी बसली. बाईंनी अस्सल नकाशा तपासायची मागणी केली. साहेब म्हणाले, तो नंतर दुरुस्त केला नसेल कशावरून? मग साहेबांनी आवाज मऊ केला. "राईचा पर्वत नको करायला. 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली' एवढं लिहून द्या, सही करा आणि मोकळ्या व्हा." बाई दोन दिवस अडून बसल्या. घरी थोरली बहीण म्हणाली, "सही कर बाई. नोकरीवर पाणी सोडायचंय का? एका सहीने काय बोटं झिजतात?" आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी सही केली.

मोकळं कोण झालं? साहेब झाले. नक्कल काढणारा झाला. बाईंचा मात्र त्या दिवसापासून प्रत्येक कागद दुसऱ्या टेबलावर तपासायला जाऊ लागला. तपासणारा काल लागलेला होता आणि त्याला पट्टी धरायची अक्कल नव्हती. अकरा वर्षं बाई मूग गिळून बसल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, तो त्यांनी जिन्यातच ठेवला. उगाच घरी आणून पाणी कशाला घालायचं?

तर वाचनालयातल्या त्या नदीपासून सुरुवात झाली. कुलूपवाल्याने बाईंचे तुकडे संगणकावर चढवले आणि कोणीही उतरवून छापावेत म्हणून खुले ठेवले. सहा वर्षांत बाईंचे चोवीस तुकडे कुठल्या कुठे पोचले. प्रत्येक पानाखाली मापाची पट्टी आणि एक सूचना असायची: छापताना 'पानात बसवा' काढून टाका, छापल्यावर पट्टी मोजा. लोक तरी कसले, दहातले आठ सूचना न वाचता छापायचे आणि मग बाईंना लिहायचे, तुमची मापं चुकली आहेत. बाई प्रत्येकाला एकच उत्तर पाठवायच्या. पट्टी मोजा. मग दोन दिवसांनी ओशाळलेलं पत्र यायचं, ते त्या ताईला मोठ्याने वाचून दाखवायच्या.

ताई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायची, "कागदाच्या बाहुल्यांसाठी एवढा जीव टाकतेस. माझी गिऱ्हाइकं बघ. इंचभर इकडे-तिकडे झालं तरी पोट आत घेऊन घालतात."

"म्हणून तर तुझी गिऱ्हाइकं दम लागून मरतात."

"मरत नाहीत. माझ्याकडेच परत येतात, सैल करून घ्यायला."

या वर्षी शहरातल्या खेळांच्या दुकानदाराने बाईंना निरोप पाठवला. चोवीस तुकडे जाड पुठ्ठ्यावर छापायचे, पेटीत घालायचे, पेटीवर बाईंचं नाव. दुकानदार माणूस गोड होता, गरजेपेक्षा थोडा जास्तच. बाईंनी अस्सल कागद दिले आणि बजावलं, "मापात काडीचा फरक करायचा नाही." तो म्हणाला, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा." ज्या दिवशी कोणी असं म्हणतं त्या दिवसापासून बाईंना झोप लागत नाही.

पेटी आली. बाईंनी ती उघडली आणि सर्वांत आधी तुकड्यांमागे, सोबतच्या कागदावर मापाची पट्टी शोधली. पट्टी नव्हती. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ती रेघ ना? मांडणीत बरी दिसत नव्हती, काढली. पेटी किती सुबक झालीय बघा ना!" बाईंनी फोन ठेवला. अकरा वर्षं आणि वर सहा, सतरा वर्षांपूर्वीचा कोणीतरी तोच माणूस पुन्हा त्यांच्या कागदाचा तळ कापत होता.

चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. तुकडे आकाराने सगळे सारखे, कापणी चोख, रंग झकास, पण रस्ते जुळत नव्हते. एका तुकड्याचा रस्ता शेजारच्या तुकड्यावर पोचेपर्यंत अडीच मिलिमीटर बाजूला सरकायचा. दोन रेघांचा रस्ता, त्यामुळे सांध्यावर पायरी पडल्यासारखं दिसायचं. काही तुकडे एकमेकांशी उत्तम जमायचे, काही अजिबात नाही. खेळणाऱ्या लोकांना चूक सापडली की जो आनंद होतो तो फाशावर सहा पडल्यावरही होत नाही. त्यांनी सगळीकडे लिहिलं की बाईंचं वय झालं, हात चळला, चोवीसातले निम्मे चुकीचे काढलेत.

रविवारी सकाळी दुकानदाराने बाईंना बोलावलं. ताई दारापर्यंत आली. "बघ," ती म्हणाली, "फार ताणू नकोस. तुझं वय आता..."

"पुढे बोल."

बाईंनी टेबलावरची पोलादी पट्टी पिशवीत घातली, अस्सल नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि निघाल्या.

दुकानात वीसेक गिऱ्हाइकं जमली होती. कुलूपवाला एका कोपऱ्यात उभा होता, चेहरा पाडून. छापखानेवालाही आला होता, हात पाठीमागे बांधून, पाहुण्यासारखा. मधल्या टेबलावर उघडी पेटी आणि शेजारी टंकलेला एक कागद.

दुकानदाराने खुर्ची पुढे केली. "बसा बाई. कोणाचा दोष काढायचा म्हणून नाही बोलावलं. चूक सगळ्यांच्याच हातून होते."

"सगळ्यांच्या हातून होते, तर या वेळी माझ्याच हातून झाली हे कशावरून?"

"रस्ते जुळत नाहीत ना. रस्ते तुम्हीच काढलेत." त्याने कागद सरकवला. "एवढंच लिहिलंय. वाचा. लोक समजून घेतील, आम्ही बदलून देऊ, विषय संपेल. फक्त इथे सही."

बाईंनी वाचलं. 'माझ्याकडून अनवधानाने.' दोन वेगवेगळ्या माणसांना, सतरा वर्षांच्या अंतराने, नेमका तोच शब्द कसा सुचतो? त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि गुंडाळी सोडली. "हे अस्सल. मोजा."

छापखानेवाला पहिल्यांदाच बोलला. "आता आणलेत. घरी बसून दुरुस्त केले नसतील कशावरून?"

दुकानात कोणीतरी हसलं. बाईंनी त्या दिशेला पाहिलं नाही. एखाद्याला वाटलं असेल की आता बाई रडतील, किंवा सही करतील, कारण सभ्य माणसं भरल्या दुकानात दोन्हींपैकी काहीतरी एक करतात. बाईंनी गुंडाळी पुन्हा बांधली. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझा कागद बाजूला ठेवा. तुमचाच घेऊ. पेटीतला कुठलाही तुकडा उचला."

दुकानदाराने दलदलीचा उचलला.

"यात भिंत आहे. सापडली? दहा दगड मोजून घ्या." त्यांनी पोलादी पट्टी त्याच्या हातात दिली. "पहिल्या दगडाच्या कडेला शून्य धरा. नीट. दहाव्याच्या कडेला किती येतात?"

दुकानदार वाकला. "सत्त्याण्णव."

"दुसरा उचला."

"सत्त्याण्णव."

"आता पेटीतला असा उचला, जो त्या दलदलीशी जुळत नाही."

दुकानदाराने पट्टी धरली, उचलली, परत धरली. "शंभर," तो हळूच म्हणाला.

"मोठ्याने बोला की. चूक सांगताना आवाज चांगला होता."

"शंभर."

चोवीसच्या चोवीस मोजून झाले. बारांत सत्त्याण्णव, बारांत शंभर, अधलंमधलं एकही नाही. बाईंनी तुकडे पालथे घालायला लावले. मागे कोपऱ्यात छापखान्याची बारीक खूण होती, कुठल्या मशीनवर छापलं त्याचा आकडा. शंभरवाल्यांच्या मागे एक. सत्त्याण्णववाल्यांच्या मागे दोन. हात चळायचा तर तो मशीन बघून चळत नाही.

"दोन नंबरच्या मशीनवर," बाई म्हणाल्या, "पान आक्रसलं. कातरीने मात्र सगळे एकाच मापाने कापले, एका कोपऱ्यापासून मोजून. कडेला मी जास्तीचं चित्र ठेवलं होतं म्हणून पांढरं दिसलं नाही, आणि मधला रस्ता अडीच मिलिमीटर सरकला. खालची पट्टी जागेवर असती तर हे पहिल्याच पानाला कळलं असतं."

छापखानेवाल्याने तरी हार मानली नाही. "पण भिंत तुम्ही शंभरचीच काढली होती, याला पुरावा काय?"

आता कुलूपवाला पुढे झाला. त्याने झोळीतून एक तुकडा काढला, सहा वर्षं वापरून कडा मऊ झालेला, त्यावर वंगणाच्या अंगठ्याचा ठसा. घरच्या छपाईचा, बाईंचा सर्वांत पहिला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि स्वतःच पट्टी लावली. शंभर. मग गिऱ्हाइकांपैकी एकीने पर्समधून तिचा काढला. मग आणखी कोणी. पट्टी हातोहात फिरू लागली. बर्फातली भिंत शंभर, जंगलातली शंभर, गुहेच्या तोंडाशी असलेली शंभर. एकेका दगडाचे दहा. सहा वर्षं ज्या भिंतीची टिंगल केली तिच्यावर सगळे ओणवे झाले होते.

कुलूपवाल्याने विचारलं, "बाई, एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तीही कोणीतरी कापली असती. पट्टी चौकटीच्या बाहेर असते, ती नकोशी झाली की लोक कापतात. माझी एकदा कापलेली आहे. म्हणून ही आत बांधली. हिला कापायचं तर नकाशाच फाडावा लागतो."

छापखानेवाला दाराकडे बघत पुटपुटला की दोन नंबरवर ते 'पानात बसवा' राहून गेलं असेल. दुकानदाराने घाईघाईने नवा कागद घेतला आणि लिहू लागला. बाई खांद्यावरून वाचत होत्या. 'काही तांत्रिक कारणामुळे...'

"तांत्रिक कारण हे कोणाचं नाव?" बाईंनी विचारलं. "माझ्यावर खापर फोडताना माझं नाव पूर्ण होतं. लिहा. नकाशे बरोबर आहेत. चूक छापताना झाली."

"बाई, जरा सांभाळून घ्या ना..."

"सतरा वर्षं सांभाळून घेतलं. आता नाही घेणार. आणि मापाची पट्टी प्रत्येक पानावर परत यायला हवी, सुबक दिसो वा न दिसो. नाहीतर माझे नकाशे परत करा."

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. "आता यावर तुमच्या सहीची काही गरज नाही," तो म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली, सावकाश, एकेक अक्षर वळवत.

घरी ताई यंत्र बंद करून बसली होती. कुलूपवाल्याने फोनवर सगळं सांगून टाकलं होतं, त्याच्या पोटात काही राहत नाही. बाईंनी पिशवी आणि गुंडाळी खाली ठेवली. ताईने गुंडाळीतून एक नकाशा काढला आणि गळ्यातली टेप त्यातल्या भिंतीवर लावली.

"ती नको," बाई म्हणाल्या. "तुझी टेप ताणली गेलीय." त्यांनी पोलादी पट्टी पुढे केली.

ताईने चष्मा चढवला, शून्य धरलं आणि एकेका दगडावर बोट ठेवत दहाव्यापर्यंत आली.

"शंभर," ती म्हणाली. मग मान न उचलता विचारलं, "दवाखान्याचा होता, त्यातली रेघ?"

"तीही शंभरच होती."

"आणि मी तुला सही कर म्हणाले."

"म्हणालीस."

ताईने पट्टी उचलली, पुसली आणि पुन्हा पहिल्या दगडापासून मोजायला लागली.